काजं नसलेला कोट

५ जानेवारी

नेमणुकीचं पत्र आलं. निवासी शाळा, पाचवी ते सातवी, भाषा आणि इतिहास. तीस तारखेला हजर व्हायचं. म्हणजे एकोणतीसला निघायचं. बसने नऊ तास.

आईला वाचता येतं, तरी तिने ओले हात पुसले आणि म्हणाली, "तूच वाच. तुझ्या तोंडून ऐकू दे." बाबा म्हणाले, "आतापर्यंत घरात बिनकागदाची शहाणी होती, आता कागदासकट झाली." मग नाक शिंकरायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.

मी पत्र आजोबांना दाखवायला नेलं. ते खिडकीपाशी खुर्चीत होते, गळ्यात टेप. शिवणाचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली, पण गळ्यात टेप नसला की ते कासावीस होतात. म्हणून आई त्यांना सदऱ्यावर टेपही घालते. नोव्हेंबरात झटका आला तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडलेला असतो आणि वाचा गेली आहे. "अं" एवढंच येतं. डॉक्टर म्हणतात, त्यांना कळतं सगळं, फक्त बाहेर येत नाही. त्यांनी पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं: मला आशीर्वाद कोण देणार?

हे इथे नीट लिहून ठेवते. आजोबांचे आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं. निघताना ते वडिलांपुढे वाकले, तर वडिलांनी हात मागे घेतला. तेव्हाच त्यांनी ठरवलं, की आपल्या घरातून कुणीही रिकाम्या डोक्याने जाणार नाही. तेव्हापासून घर सोडून निघणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर घरातलं सर्वांत मोठं माणूस उजवा हात ठेवतं आणि प्रभूच्या नावाने चार शब्द बोलतं. मुलगा असो, मुलगी असो. आज ज्याच्या डोक्यावर हात आहे, उद्या त्याचा हात दुसऱ्याच्या डोक्यावर. मी इतिहास शिकले आहे. इतकी अखंड साखळी राजघराण्यांतसुद्धा सापडत नाही.

आणि ती माझ्यापाशी येऊन तुटणार. हात उचलत नाही, शब्द येत नाहीत.

पदवीधर बाईने असल्या गोष्टीला घाबरू नये. मी घाबरले आहे.

८ जानेवारी

पद्धतशीर काम सुरू केलं. घरच्या पवित्र शास्त्राच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर यादी आहे: कोण गेलं, कधी, कुठे, आणि चौथ्या रकान्यात 'हात', म्हणजे आशीर्वाद कोणी दिला ते. एकूण एकोणीस ओळी. एका ओळीत फक्त तारीख आहे, चौदा मे. बाकीचे तिन्ही रकाने कोरे. त्या ओळीवर कागदात एक सुई टोचलेली होती, गंजून कागदाला चिकटलेली. आजोबांचा विसराळूपणा, दुसरं काय! हाताशी येईल तिथे सुई खोचायची त्यांची सवयच. मी सुई काढली आणि तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं.

आईने पाहिलं. म्हणाली, "सुई होती तिथे ठेव."

"अगं, गंजलीय."

"गंजू दे. ठेव."

मग शब्द नक्की कोणते असतात ते गोळा करायला बसले. बाबांना आठवतात ते असे: "जा. पुढे प्रभू आहे, मागे आम्ही आहोत, दार उघडं आहे." मला फार आवडले. दादाला फोन लावला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, पाच वर्षांपूर्वी बोटीवर कामाला गेला.

"मला काय म्हणाले? पायमोजे रोज बदल म्हणाले."

"दादा, चेष्टा नकोय."

"शपथ. गळ्यातला टेप काढला, टेबलावर ठेवला, हात डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, पायमोजे रोज बदल. मी ढसाढसा रडलो."

"पायमोज्यांवर?"

"तुला नाही कळणार ते. आणि हो, त्यांनी शिवून दिलेला कोट अजून आहे माझ्याकडे. काजं तेवढी मशीनची होती, ती उसवली."

मी वहीत लिहून घेतलं: बाबा, वरीलप्रमाणे. दादा, पायमोजे. आता यातून मूळ पाठ कसा काढायचा?

११ जानेवारी

पाळकसाहेबांकडे गेले. ते देवळातल्या एका बाकाचा पाय ठोकत बसले होते. मी विचारलं, "आशीर्वाद माणसाकडून येतो की माणसातून येतो?"

"माणसातून. नळातून पाणी येतं तसं."

"मग नळच बंद पडला तर?"

"पाणी दुसरी वाट काढतं."

"मग शंभर वर्षं हाच नळ कशाला सांभाळायचा?"

त्यांनी हातोडी उचलली. म्हणाले, "हा खिळा सरळ धर बघू."

मी खिळा धरला. पुढे विचारलं, उजवा हात नसला आणि शब्द नसले तर आशीर्वाद धरतात का. ते म्हणाले, शास्त्रात एका म्हाताऱ्याने नातवंडांच्या डोक्यांवर हात अदलाबदल करून ठेवले होते, तेही धरलं गेलं. मी म्हटलं, पण त्याला बोलता येत होतं. ते म्हणाले, "ते खरं." एवढंच म्हणाले. मला वाटतं पाळकांनी अशी उत्तरं देऊ नयेत.

माझा गोंधळ असा आहे. कृपा फुकट असते असं लहानपणापासून ऐकलं. मग ती हातातून हातात कशी जाते? आणि जर ती घराण्यातून येत असेल, तर ज्यांना घरच नाही त्यांनी कुठे जायचं? आणि हे सगळं मला कळतं, तर मग मला तो हात डोक्यावर का हवाय? इतका का हवाय?

१३ जानेवारी

आत्या आली. बाबांची मोठी बहीण, रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत काम करते, फाटक्या चादरी सांधते. महिन्यातून एकदा येते, पुढच्या दारातल्या खुर्चीवर बसते, आईशी बोलते आणि तिथूनच जाते. आजोबांच्या खोलीत जात नाही. झटका आल्यावरसुद्धा गेली नाही. म्हणते, "माझ्या अंगाला रुग्णालयाचा वास येतो. म्हाताऱ्याला कशाला तो?"

मला पाहून म्हणाली, "काय मॅडम, कधी निघणार आमच्यावर उपकार करून?"

मी हसून सोडून दिलं. आत्याला माझ्या शिक्षणाचा सल आहे. साहजिक आहे, तिची शाळा सातवीतच सुटली. मला तिच्याबद्दल मनापासून वाटतं, म्हणून मी तिला सांगितलं की शिक्षणाला वय नसतं, प्रौढांसाठी वर्ग असतात, पुस्तकं तिथेच देतात.

"हो का? आणि सातवीनंतरची वर्षं? तीपण तिथेच परत देतात?"

तिने माझी बाही धरली आणि मनगटाजवळ डोळे नेले. "हे काज कोणी केलं? मशीनचं ना? चार धुण्यांत फुलतंय बघ."

"बटण लागल्याशी कारण, आत्या."

"जगाचं तेवढ्याशीच कारण असतं," ती म्हणाली.

माझी चौकशी अपुरी राहू नये म्हणून मी तिलाही विचारलं, "तू लग्न करून गेलीस तेव्हा आजोबा कोणते शब्द म्हणाले?" ती उठून चपला घालायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "मशीनचा आवाज फार होता. काही ऐकू आलं नाही."

नोंद करून ठेवते: आत्याच्या वेळी शब्द ऐकू आले नाहीत. यादीत तिचं नाव सापडलं नाही. चौदा मे ची ओळ तिचीच असणार, आजोबा पूर्ण करायची विसरले असतील. सवडीने पूर्ण करून टाकीन.

१६ जानेवारी

फार मोठी गोष्ट झाली आहे! किंवा झाली नाही. ठरत नाही.

गेले काही आठवडे आजोबा डाव्या हाताने एक खूण करतात. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून हवेत एका जागी टोचतात, ओढतात, एक छोटा वेढा घेतात, परत ओढतात. त्याच जागी, पुन्हा पुन्हा. आम्हाला वाटायचं, हाताला चाळा लागलाय. आज ते माझ्याकडे टक लावून करत होते, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना लिहायचं आहे! बोलता येत नाही म्हणून आशीर्वाद लिहून द्यायचा आहे.

धावत जाऊन पाटी आणली. त्यांच्या हातात पेन्सिल दिली. ती त्यांनी आडवीच धरली, टोकाजवळ. मग पाटीवर बारीक उभ्या रेघा काढल्या, एकीला एक चिकटून, मध्ये एक फट ठेवून पलीकडे पुन्हा तशाच. दोन्ही टोकांना एक एक आडवी. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आजोबा, हे कुठलं अक्षर?" त्यांनी पाटी ढकलून दिली.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं आहे. त्रेसष्ट रेघा. कदाचित जुनी लिपी असेल. बाबांना दाखवलं, ते म्हणाले, "सुरवंट आहे वाटतं." आईने पाटी हातात घेतली आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

"तुला काही कळतंय का?"

"पुसू नकोस," एवढं म्हणून ती आत गेली.

१७ जानेवारी

त्रेसष्ट रेघांचा अर्थ लागत नाही. ग्रंथालयात दोन तास घालवले.

१९ जानेवारी, रविवार

आज उपासनेनंतर घरी आशीर्वादाचा कार्यक्रम ठेवला होता. योजना माझीच. बाबांचे शब्द मी स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवले. पाळकसाहेब ते आजोबांच्या वतीने वाचणार. बाबा आजोबांचा उजवा हात उचलून माझ्या डोक्यावर धरणार. आजोबा फक्त असणार. बाबा म्हणाले, "एका आशीर्वादाला तिघं जण. पलंग हलवायला बरे." आत्यालाही बोलावलं होतं. ती आली, पण दारापलीकडेच उभी राहिली.

मी गुडघे टेकले. बाबांनी हात उचलला. तो हात माझ्या केसांवर आला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. एखादी उशी ठेवावी तसा होता. पाळकसाहेबांनी "जा, पुढे प्रभू आहे" एवढं वाचलं असेल, आणि आजोबा "अं! अं!" करत अंग मागे ओढायला लागले. डाव्या हाताने त्यांनी बाबांना बाजूला सारलं. मग तीच खूण. टोच, ओढ, वेढा. आणि ते रडायला लागले. मी आजोबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी टेप काढला नव्हता. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पाळकसाहेबांनी कागदाची घडी घातली आणि प्रार्थना केली, पण प्रार्थनेत काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही. मी ओरडलेच, "म्हणजे त्यांना मला द्यायचाच नाही!" दारापलीकडून आत्या म्हणाली, "रिकाम्या डोक्यानेही माणूस जगतो, मॅडम. मी जगले की." आणि निघून गेली.

इतकी कठोर कशी असते ही बाई?

माझ्याकडून काही पाप घडलंय का? आठवून पाहिलं. गर्व आहे, तो तर आहेच. पण दादाला काय कमी गर्व होता?

२१ जानेवारी

सकाळी आईने माळ्यावरची पेटी काढली. तिच्यात कोट होता. राखाडी, जाड लोकरीचा, बायकी मापाचा. माझ्या मापाचा! आजोबांनी झटका यायच्या आधी शिवून ठेवला होता. तेव्हा तर माझा निकालही लागला नव्हता. अस्तर लावलेलं, कॉलर बसवलेली, बटणं टाकलेली. फक्त काजं नव्हती. खडूच्या पाच खुणा होत्या.

मी म्हटलं, "चौकातल्या दुकानात टाकते. मशीनवर दहा मिनिटांत करून देतात."

"आत्याकडे ने."

"आत्याला काजं येतात?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला पाच आणि दोन किती ते विचारलं. "या घरात शिकलेलं माणूस एकच आहे, ते बरं आहे," ती म्हणाली. "आत्याकडे ने."

रविवारच्या बोलण्यानंतर तिच्याकडे जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण गेले. आत्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहते. काका वारल्यापासून एकटीच. खाली इस्त्रीची वाफ, जमीन सदा कोमट. तिने कोट हातात घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला, कॉलर उलटी करून पाहिली. "कापड चांगलं वापरलंय म्हाताऱ्याने," म्हणाली. मग बोटात अंगुस्तान चढवलं, ती धातूची टोपी, सुई टोचू नये म्हणून घालतात ती, आणि रेशमी दोरा ओवून एका चिंधीवर हात बसवून बघायला लागली.

टोच, ओढ, वेढा, ओढ.

मी म्हटलं, "गंमतच आहे. आजोबापण दिवसभर हातवारे करतात ते अगदी असेच. आम्हाला वाटलं त्यांना लिहायचंय. मी पाटीसुद्धा दिली."

आत्याची सुई थांबली. "काय काढलं पाटीवर?"

"उभ्या रेघा. त्रेसष्ट. मध्ये फट."

तिने चिंधी माझ्यापुढे धरली. चिंधीवर त्याच रेघा होत्या.

मग ती बोलली, पण माझ्याशी बोलत नव्हती. तिला सातवीतून काढलं ते काजांसाठी. आधी काजं करणाऱ्या आजीची नजर गेली होती, आणि हाताच्या काजांवर दुकानाचं नाव होतं. आठ वर्षं ती आजोबांच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून काजं करायची. मग तिने लग्न ठरवलं, स्वतःच. घरात एकच प्रश्न विचारला गेला, की काजं कोण करणार? चौदा मेला ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. आजोबा मशीनवर होते. "मला वाटलं, पाय थांबेल. एक अख्खी बाही शिवून झाली. मग दुसरी घेतली. मी माझी सुई टेबलावर ठेवली आणि निघाले."

"तेव्हापासून कितीदा बोलवायला हवं होतं त्यांनी..." मी म्हणायला लागले.

"तू जा आता घरी," ती म्हणाली. "कोट राहू दे."

वाटेत मी विचार करत होते. म्हणजे आजोबांना एवढे दिवस काजंच हवी होती, कोटाला. मग कोट पुरा झाल्यावर तरी ते मला आशीर्वाद देतील का? हा विचार आत्ता करायचा नव्हता, हे कळतंय. पण तोच आला.

२३ जानेवारी

आत्या आली. कोट काखेत, चपला काढल्या आणि दारातल्या खुर्चीकडे न बघता सरळ आत. बाबा मध्ये उभे होते, ते भिंतीला चिकटले. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, आजोबांच्या डाव्या हाताला मांडलं आणि बसली. आजोबा नुसते बघत राहिले.

इतक्या वर्षांनी ती त्यांच्याशी जे पहिलं वाक्य बोलली ते असं: "उजेड अडवू नका."

आणि आजोबा सरकले! स्वतःहून, खुर्चीत, बोटभर.

तिने पहिलं काज घातलं. अर्धा तास लागला असेल. कुणीही हललं नाही. बाबा उभेच, मी दाराशी, आई मोरीत भांडी घासायचं सोंग करत होती, पाण्याचा आवाज नव्हता. आजोबांचा हात मांडीवर शांत पडला होता. खूण बंद. काज झालं तसं आत्याने कोट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी अंगठ्याने ते चाचपून पाहिलं, वरून आणि आतून. मग डावा हात गळ्याकडे नेला आणि टेप ओढायला लागले. टेप कॉलरमध्ये अडकला. बाबा पुढे झाले तर आईने आतूनच "थांबा" म्हटलं. शेवटी टेप सुटला आणि जमिनीवर पडला.

तो हात त्यांनी आत्याच्या डोक्यावर ठेवला. डावा.

आत्याचे केस अर्धे पांढरे आहेत. ती खाली मान घालून बसली होती, सुई हातात तशीच. ती म्हणाली, "बघा, थांबलं मशीन." आजोबा "अं" म्हणाले. बस, एवढाच शब्द होता. बाबा तोंड फिरवून उभे राहिले.

मला रडू आलं, आणि ते नक्की कशाचं ते मी इथे प्रामाणिकपणे लिहिते. अर्धं त्यांच्यासाठी. अर्धं, की आता माझं काय? तो हात माझ्यासाठी राखून ठेवलेला होता असं मी धरून चालले होते. तो आधीपासूनच दुसऱ्या कुणाचा होता, आणि मी मधे रांगेत घुसले होते. असं आहे का ते? आशीर्वाद एकच असतो का? संपतो का?

बाबांना विचारलं. म्हणाले, "आशीर्वाद म्हणजे काय टॉर्च आहे, सेल उतरायला?"

उत्तर म्हणून हे बरं आहे. पण विनोद बाजूला केला तर खाली काही आहे का, ते कळत नाही.

२७ जानेवारी

आत्या रोज कामावरून सुटली की येते. रोज एक काज. मी म्हटलं, एका दिवसात होतील की पाचही. आत्या म्हणाली, "मॅडमना घाई आहे." आजोबा हसले. तोंड वाकडं होतं त्यांचं हसताना, पण हसले.

ती दोघं काही बोलत नाहीत. मला वाटतं एवढ्या वर्षांनंतर माणसांनी बोलायला हवं, मन मोकळं करायला हवं. मी तसं सुचवलंही. आत्याने मला दोरा ओवायला दिला.

पाळकसाहेब डोकावून गेले. त्यांना मी म्हटलं, "दुसरी वाट म्हणालात ना तुम्ही, ती निघाली. पण माझ्याकडे नाही आली." ते म्हणाले, "अजून दोन दिवस आहेत." मग म्हणाले, "आणि दिवस संपले तरी."

२९ जानेवारी (बसमध्ये, अक्षर हलतंय)

सकाळी निघायच्या वेळी आजोबांच्या खुर्चीपुढे उभी राहिले. कोट घालून. मनात म्हटलं, काही मागायचं नाही. गुडघे टेकायचे नाहीत. नुसतं "येते" म्हणायचं.

"येते, आजोबा."

त्यांचं निरोपाकडे लक्षच नव्हतं. ते कोटाकडे बघत होते. डाव्या हाताने त्यांनी मला जवळ ओढलं, सगळ्यांत खालचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मग त्याच्या वरचं. काढलं, लावलं. अशी पाचही. एकेका बटणाला किती वेळ! बस चुकेल म्हणून बाबा दारात खोकत होते. शेवटचं, गळ्याजवळचं बटण लावून झाल्यावर त्यांनी माझी कॉलर दोन्हीकडे सारखी केली, एका हातानेच, आणि डोळे मिटून मागे टेकले. दमले असावेत. टेप टेबलावर होता, माझ्या लक्षात आलं. आईकडून आज घालायचा राहिला असेल.

आईने डबा दिला आणि मला गच्च धरलं. बाबांनी पेटी उचलली. शब्द त्यांना पाठ आहेत, पण ते म्हणायला लागले आणि "मागे आम्ही" पाशी अडकले. मी म्हटलं, "राहू दे बाबा, मला येतात पुढचे."

बसथांब्यावर आत्या आली होती, कामावरून तशीच, बोटात अंगुस्तान. काढायचं विसरली म्हणे. मी म्हटलं, "आत्या, रविवारी जे बोलले ते..."

"तू कुठे काय बोललीस? मी बोलले."

"तू जगलीस ना पण. रिकाम्या डोक्याने."

"जगले. बरं नव्हतं ते," आत्या म्हणाली.

बसचं इंजिन सुरू झालं, मी पायरीवर. तिने एकदम हात वर केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मला वाटलं केस विस्कटलेत म्हणून सारखे करते आहे. अंगुस्तान टाळूला लागलं, गार आणि टणक, चांगलंच दुखलं. "आई गं," म्हणाले मी. तिने हात काढला नाही.

"मुलींना शाळेतून काढायला कुणी आलं ना," आत्या म्हणाली, "तर हलू नकोस दारातून."

कंडक्टर म्हणाला, "बाई, आत तरी या नाहीतर खाली तरी उतरा." मी आत आले. खिडकीतून बघितलं तर ती आधीच चालायला लागली होती, भरभर, दोन्ही हात रिकामे.

एवढंच. प्रभूचं नाव तिने घेतलं नाही. दारासंबंधी ती जे म्हणाली ते बाबांच्या दाराशी जुळत नाही. तो आशीर्वाद होता की सूचना?

६ फेब्रुवारी

तिन्ही वर्गांत मिळून एकेचाळीस मुली. सातवीत नऊच. पाचवीत एकोणीस आहेत आणि सातवीत नऊ, हे मी दोनदा मोजलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "असंच असतं. मधेच घेऊन जातात." सहज म्हणाल्या, जणू पावसाळ्यात ओलं होतं तसं.

आज एका मुलीचे काका तिला न्यायला आले होते. घरी काम आहे, महिन्याभराने आणून सोडतो म्हणाले. मी वर्गाच्या दारात उभी होते. काय बोलले ते नीट आठवत नाही. फारच पुस्तकी बोलले असणार, कारण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन दिसता." पण मी बाजूला झाले नाही. ते बराच वेळ थांबले. मग गेले. उद्या परत येतील, हे मला माहीत आहे. उद्याचं उद्या.

संध्याकाळी घरून फोन. बाबा म्हणाले, शास्त्राच्या मागची यादी पुढ्यात घेऊन बसले आहेत. आत्याने काल तिची ओळ पुरी केली, आधी सुई काढून. चौथ्या रकान्यात तिने लिहिलं, 'वडील. डावा.' माझं प्रश्नचिन्ह खोडलं आणि बाजूला 'मॅडम' असं लिहून ठेवलं, म्हणजे चूक कोणाची ते पुढच्यांना कळावं.

"आता तुझी ओळ," बाबा म्हणाले. "तारीख घातली. गाव घातलं. हात कोणाचा लिहू? पाळकसाहेब म्हणतात रविवारचा धरता येईल. आई म्हणते बटणं लावली तो धर. आई कधी काय बोलेल."

पाच बटणं. काढलं, लावलं. टेबलावरचा टेप. आता यावर विचार करायला हवा आहे, आणि मला वाटतं तो बरीच वर्षं पुरेल.

"अगं, आहेस का तिकडे? कोणाचा लिहू?"

मी डोक्यावरून हात फिरवला. टाळूवर अजून बारीकसं टेंगूळ आहे. विंचरताना लागतं.

"आत्याचा लिहा."

"नक्की?"

"नक्की माहीत नाही. पण लिहा. अंगुस्तानासकट लिहा."

"असं कुठे लिहितात का?" बाबा म्हणाले, आणि मला पेनचा कागदावरचा आवाज आला.